दोरावरचं वजन

समुद्र चार दिवस बंद होता. आज उघडला.
वखारीच्या दारावर खडूने लिहिलंय:
माणशी पाच किलो, ओहोटी नऊ दहाला.
खाली उतरायची पाळी माझी,
दोर धरायची एरुंदिनाची.

माझी दुसरी पाळी चुकून
सतरा दिवस झालेत.
त्रेचाळिसाव्या वर्षी चुकतेच, म्हणून पहिली
मी हिशेबात धरलीच नाही.
मग सेएला जाऊन – आमच्या गावात नको,
इथली औषधवाली माझ्या मावसबहिणीची सून –
तपासणीची काडी घेतली, आणि उगाच
खोकल्याचं औषध, खोकला नसताना.
बाटली अजून गाडीतच आहे, सील न फोडलेली.

दिवस गेलेत.
कुठे गेले, विचारावंसं वाटतं,
भरती-ओहोटीचा तक्ता तर मी रोज वाचते,
उधाण कधी, भांग कधी, तोंडपाठ.

डॉक्टरीण इरियाच्या वयाची.
म्हणाली, चौदा आठवड्यांपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा,
आणि बोलली चांगलं, घाई न करता.
दोन कागद दिले. दोन्ही मी
एकाच घडीत ठेवलेत.
शुर्शो आयर्लंडच्या पल्याड, बोटीवर.
परतेल तो पंधराव्यात.
फोनवर त्याचा आवाज उशिरा पोचतो,
मी 'बरंय' म्हणेपर्यंत
त्याचा पुढचा प्रश्न येऊन बसलेला असतो
आणि माझं 'बरंय' त्याचंच उत्तर होतं.

खडकाला पेर्सेबे असतात, बोटाएवढे,
काळ्या कातड्याचे, टोकाला नखं.
घट्ट धरून असतात, लाट कितीही आपटो.
काय म्हणायचंय ते कळतंय मला. म्हणू नका.
वीस वर्षं मी त्यांना खरवडतेय
आणि एकदाही त्यांच्यात मला कुणी दिसलं नाही.
बुडाशी खडकाची कपची यावी लागते,
नाहीतर टिकत नाहीत, भाव पडतो. एवढंच.

भावावरून आठवलं:
तारीख डिसेंबरातली आहे,
नाताळच्या अलीकडची, जेव्हा किलोला
वर्षभरात मिळत नाही ते मिळतं.
मला सुचलेली पहिली गोष्ट ही होती.
लाज वाटायला हवी होती का?
इरियाच्या वेळी मी तेवीस वर्षांची होते
आणि काहीच सुचलं नव्हतं,
सगळ्यांनी अभिनंदन केलं, मी केक कापला.

आई एकदा शेंगा सोलताना म्हणाली होती,
तू नको होतीस.
एक शेंग सोलली, दुसरी सोलली.
मग होतीस.
त्या दोन शेंगांमध्ये काय झालं
ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
आता जाऊन विचारलं तर
मला ताई म्हणते, नि हात धुऊन घे म्हणते.

परवा रात्री जागीच होते.
हात आपोआप खाली सरकला, तिथेच राहिला.
मी काढला.
थोड्या वेळाने परत ठेवला, यावेळी मुद्दाम,
बघायला, की काय होतं.
ऊब होती. माझीच असेल.

"लाट!" – एरुंदिना वरून ओरडली,
मी खडकाला पाठ लावायच्या आत
दोर कमरेत करकचला
आणि मी वर, कोपर फुटलेलं,
तोंडात मीठ, रापा हातात शाबूत.
ती धापा टाकत म्हणाली,
"जड झालीस."
"पोतं भरलंय," मी म्हटलं.
तिने पोत्याकडे पाहिलं. तळाला
दीड-दोन किलो असतील.
मग माझ्याकडे न पाहता
ती दोर गुंडाळत राहिली, कोपर ते अंगठा,
कोपर ते अंगठा, आमची आई लोकर गुंडाळायची तशी.

"उद्या ओहोटी दहाला," मी म्हटलं,
"आणि उतरायची पाळी परत माझीच. तुझा खांदा दुखतोय."
"बघू," ती म्हणाली.
दोर रोज वखारीत खुंटीला असतो.
आज तिने तो स्वतःच्या गाडीत टाकला,
डिकी बंद केली,
आणि किल्ली ओल्या मुठीत धरून
माझं पोतं वजनाला घेऊन गेली.